निकालाआधीची ऑर्डरची वही

एनएसई इमर्ज किंवा बीएसई एसएमई या छोट्या कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारांवरच्या, कंत्राटी कामं घेणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले, की तिचे निकाल बहुधा सहा महिन्यांनीच हाती येतात. मधल्या काळात कानावर पडतं ते ‘अमुक कोटींची ऑर्डर मिळाली’ एवढंच. कंपनी नवी कामं किती वेगाने घेतेय हे अशा बातम्या मोजून कळत नाही. म्हणून निकालाच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि दोनशे पानी वही घेऊन बसा.

आधी एक्स्चेंजच्या साइटवरून गेल्या बारा महिन्यांच्या ऑर्डरच्या घोषणा उतरवून घ्या. सहा महिने पुरत नाहीत. सरकारी खाती मार्चअखेर कामं वाटतात आणि आचारसंहिता लागली की नव्या निविदा अडकतात. महाराष्ट्रात 2024 मध्ये ती दोनदा लागली, 16 मार्चला लोकसभेसाठी आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेसाठी. त्या वर्षातली एकच सहामाही धरली, तर चांगली कंपनीही मंदावलेली वाटेल.

मग प्रत्येक ऑर्डरपुढे काम कुठल्या पायरीवर आहे ते लिहा. एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर भरला, इतकंच. काम अजून मिळालेलं नाही. त्यानंतर स्वीकृतिपत्र येतं, करारनामा होतो, शेवटी कार्यादेश निघतो. माझ्याकडच्या एका कंपनीने एकाच पाणीयोजनेची बातमी अशी तीनदा दिली होती. निविदा क्रमांक ताडून पाहिले, तेव्हा वहीतल्या दोन ओळी खोडाव्या लागल्या. रेट कॉन्ट्रॅक्ट असेल तर रक्कम बेरजेत धरू नका. तिथे दर ठरलेला असतो, माल किती उचलणार याची हमी बहुधा नसते.

रक्कम जीएसटीसह आहे का, तेही बघा. 59 कोटींत 18 टक्के जीएसटी आत असेल, तर कंपनीच्या विक्रीत 50 कोटीच येणार. त्यात पुढच्या पाच वर्षांची देखभाल धरली असेल, तर तिची रक्कम वेगळी काढा. सेबीच्या नियमानुसार घोषणेत काम देणाऱ्याचं नाव, मुदत, ढोबळ रक्कम आणि त्या संस्थेत प्रवर्तकांचा हितसंबंध आहे का, हे द्यावं लागतं. नाव गोपनीय ठेवलं असेल तर त्या ओळीला लाल खूण करा.

सगळ्यात जास्त वेळ ताळा घालायला द्या. समजा, मार्चअखेर हातात 120 कोटींची कामं होती, सहा महिन्यांत 45 कोटींची नवी आली आणि 40 कोटींची बिलं झाली. म्हणजे सप्टेंबरअखेर 125 कोटी उरायला हवेत. कंपनी 110 सांगत असेल, तर 15 कोटींचं काम रद्द झालंय, कमी झालंय, किंवा आधीचा आकडाच फुगवलेला होता. कंपनीने आकडा दिला नसेल तर तिच्या कर्जाचं रेटिंग करणाऱ्या संस्थेची टिपणी वाचा. ती फुकट मिळते, आणि तिच्यात अनेकदा ठरावीक तारखेची ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या कामांची एकूण रक्कम, असते. काम घेताना द्यावी लागणारी बँकेची हमी, म्हणजे बँक गॅरंटी, तिची मर्यादा किती वापरली गेलीय हेही कधी कधी तिथेच कळतं. मर्यादा संपत आली असेल, तर नव्या निविदांसाठी गॅरंटी आणणार कुठून?

इतकं झाल्यावर पैशाकडे वळा. घरोघरी नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनची मुदत आधी 2024 ची होती, 2025 च्या अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढली. मधल्या काळात महाराष्ट्रात कितीतरी कंत्राटदारांची बिलं थकली. कार्यादेश खरे होते, कामंही झाली होती, पण घरात दमडी येत नव्हती. माझा जीव इथेच सर्वांत जास्त तुटतो, कारण छोटी कंपनी ऑर्डर नसल्यापेक्षा उधारीनेच जास्त लवकर मोडते. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता 2021-22 पासून वार्षिक ताळेबंदासोबत द्यावा लागतो. सहा महिन्यांहून जुन्या येण्यांचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा. काम झालं पण बिल काढलेलं नाही, अशी रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढतेय का, तेही तपासा.

शेवटी कॉन्फरन्स कॉलसाठी किंवा वार्षिक सभेसाठी एकच प्रश्न कागदावर लिहून ठेवा: ‘आज हातात असलेल्या कामांपैकी किती रकमेचे कार्यादेश निघालेत, आणि त्यातल्या किती साइटवर काम सुरू आहे?’ उत्तर मिळेल तसं तारखेसकट वहीत उतरवा. सहा महिन्यांनी ताळा घालताना त्याच पानापासून सुरुवात करायची आहे.