ब्रेकच्या खुणांवरून गाडीचा वेग कसा काढतात: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमा झालेली बरीच मुलं विचारतात की अपघाताच्या तपासात फिजिक्स खरंच वापरतात का आणि यात पुढे काही करिअर आहे का. मी ठाण्यात राहतो, विम्याच्या दाव्यांसाठी अपघाताची टेक्निकल तपासणी करतो, घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, सायन-पनवेल हायवे हा आमचा नेहमीचा पट्टा. फॉर्म्युला अकरावीचा आहे हो, पाच मिनिटांत समजतो, पण त्यात टाकायचे दोन आकडे रस्त्यावर वाकून मिळवावे लागतात आणि खरं शिकायचं असतं ते हेच.

आधी फॉर्म्युला उरकून टाकू. चाकं लॉक होऊन गाडी घसरत थांबली की तिची सगळी गतिज ऊर्जा घर्षणात जाते, म्हणजे अर्धा एम व्ही वर्ग बरोबर म्यू एम जी डी. इथे म्यू म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक आणि डी म्हणजे खुणेची लांबी, मघाशी म्हटलेले दोन आकडे हेच. दोन्हीकडचा एम उडतो. इथेच नवीन मुलं अडतात, त्यांना वाटतं जड गाडी जास्त लांब घसरणार, पण वजन जास्त तर घर्षणही तेवढंच जास्त, त्यामुळे वजनाचा प्रश्नच येत नाही. (ट्रकचं वेगळं आहे, त्यांच्या टायरचं रबर कडक असतं, म्हणून कारचा म्यू ट्रकला लावू नका.) रोजच्या वापरासाठी सोपं रूप असं की २५४ गुणिले म्यू गुणिले खुणेची मीटरमधली लांबी, त्याचं वर्गमूळ काढा, वेग थेट ताशी किलोमीटरमध्ये येतो. ३० मीटरची खूण आणि म्यू ०.७ धरला तर ७३ येतात.

आता हाच ३० मीटर पावसात घ्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर म्यू साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्यावर ०.४ ते ०.५ पर्यंत उतरू शकतो. ०.४५ धरला तर तीच खूण ५९ सांगते. ७३ आणि ५९, मधे जर त्या रस्त्याची वेगमर्यादा ६० असेल तर सगळी केस फिरली! आणि उताराचं म्हणाल तर ४ टक्के उतार म्यूमधून ०.०४ वजा करतो, उत्तर ७३ चं ७१ होतं, म्हणजे गायमुखच्या घाटात उतार मोजायचा जरूर, पण रस्ता त्या वेळी ओला होता की कोरडा, वाळू पडली होती का, डांबरी होता की काँक्रीट, हे आधी विचारा. पुस्तकातला म्यू घेऊन बसू नका, शक्य असेल तिथे मोजा. जुन्या टायरचा तुकडा कापून त्यात काँक्रीट भरायचं, वजन करायचं आणि लगेज काट्याने त्याच रस्त्यावर एका संथ वेगात, अगदी आडवा ओढायचा. तुकडा १५ किलोचा आणि काटा ११ दाखवत असेल तर ११ भागिले १५, म्हणजे ०.७३. पहिला झटका धरू नका, सरकायला लागल्यावर स्थिर राहतो तो आकडा घ्या. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कोरडं आणि पाणी मारून असं दोन्ही करून बघा, हात बसतो.

दुसरा आकडा लांबी. यात टेपपेक्षा डोळा महत्त्वाचा, कारण खूण एकदम काळी सुरू होत नाही, आधी टायर तापतो, तेव्हा फक्त एक राखाडी सावली पडते आणि उभं राहून पाहिलं तर ती दिसतच नाही. थोडं लांब जाऊन खाली बसायचं, नजर रस्त्याला जवळपास समांतर आणायची, सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर फार छान, आणि दुसऱ्याला खडू देऊन सांगायचं की अजून मागे, अजून मागे, हां तिथे. त्या फिकट सावलीचे पाच-सहा मीटर असेच सापडतात. दुसरी गोष्ट, मागच्या चाकाची खूण पुढच्याच्या खुणेत मिसळलेली असते, त्यामुळे मागच्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या शेवटापर्यंत मोजलं तर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, वजा करायचा. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी आहे, म्यू ०.७ असताना २० मीटरच्या जागी २२.४५ लिहिलं की ६० च्या जागी ६३ येतात.

खूण आपल्याच गाडीची आहे का हेही बघा, घोडबंदरला कंटेनरच्या जोडटायरच्या खुणा एकमेकांवर चढलेल्या असतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराशी जुळवा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून पुढच्या टायरच्या पट्टीच्या कडा जास्त काळ्या असतात. ब्रेकची खूण फिकी सुरू होऊन गडद संपते, पिकअप घेताना चाक जागेवर फिरल्याची खूण बरोबर उलटी, पाम बीच रोडला अशा खुणा दिसल्या तर त्यावरून ब्रेकचा वेग काढू नका. आणि सरळ पट्टीला मधेच एकदम वाकडा झटका असेल तर धडक बहुतेक तिथेच झाली.

धडकेच्या वेळी गाडीला वेग उरलेला असेल तर तो साधा मिळवायचा नाही, वर्ग करून मिळवायचा. खुणेवरून ७३ आणि धडकेच्या क्षणी ४० असेल तर ७३ चा वर्ग अधिक ४० चा वर्ग, वर्गमूळ सुमारे ८३. ११३ नाही.

एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, हे सगळं अवघड होत चाललंय. १ एप्रिल २०१९ पासून नव्या कारना आणि १२५ सीसीवरच्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं, चाक पूर्ण लॉक होत नाही, खूण फिकी, तुटक किंवा अजिबात नाही. मग पेट्रोल पंप, दुकानं, सोसायट्यांचे सीसीटीव्ही गोळा करायचे. २५ फ्रेमचा व्हिडिओ, रस्त्यावरच्या दोन ठरावीक खुणांमधलं १२ मीटर अंतर गाडीने १५ फ्रेममध्ये कापलं तर ०.६ सेकंद, म्हणजे ताशी ७२. फक्त त्या रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट खरंच २५ आहे का ते आधी तपासा.

साइटवर पोलिसांच्या परवानगीशिवाय जायचं नाही, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालायचं, मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघणारा एक माणूस ठेवायचाच. स्थळ पंचनाम्यातली मापं नीट वाचा, बऱ्याचदा लांबी असते पण कुठून कुठपर्यंत ते नसतं. रिपोर्टमध्ये 'किमान वेग' लिहा, कारण खूण दिसायच्या आधीच ब्रेकने थोडा वेग खाल्लेला असतो, आणि एकच आकडा न देता म्यू ०.७ ला इतका, ०.८ ला इतका असं दोन टोकांचं उत्तर द्या. क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात तिथे, वकील पहिला प्रश्न म्यू कुठून आणला हाच विचारतात, आणि समोर घरातला माणूस गेलेलं कुटुंब बसलेलं असतं, त्यांच्यासाठी तरी तो आकडा मोजलेला हवा.

सरकारी नोकरी हवी असेल तर एमपीएससीमार्फत सहायक मोटार वाहन निरीक्षकाची भरती होते, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा लागतो, जाहिरातीतल्या बाकीच्या अटी नीट बघून घ्या. विम्याकडे सर्व्हेयर व्हायचं तर आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, लायसन्स लागतं. फॉरेन्सिककडे ओढा असेल तर मुंबईत सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. कुठेही गेलात तरी टेप, खडू आणि तो काँक्रीटचा तुकडा आत्तापासूनच जवळ ठेवा.