व्हीएस कोड क्लस्टरला जोडताना या चुका टाळा

व्हीएस कोड या कोड-एडिटरमध्ये दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करून देणारे ‘रिमोट-एसएसएच’ हे एक्स्टेन्शन बसवले, क्लस्टरचा (एकत्र जोडलेल्या अनेक यंत्रांच्या समूहाचा) पत्ता आणि पासवर्ड दिला की दोन मिनिटांत तिकडच्या फाइली आपल्या लॅपटॉपवर उघडतात. त्यामुळे एडिटर इकडेच आहे आणि फाइली तेवढ्या तिकडे आहेत, अशी बहुतेकांची समजूत होते. प्रत्यक्षात पहिल्या जोडणीच्या वेळी हे एक्स्टेन्शन क्लस्टरवरील तुमच्या होम डिरेक्टरीत ‘डॉट-व्हीएसकोड-सर्व्हर’ नावाचे फोल्डर तयार करते, त्यात आपला सर्व्हर उतरवून घेते आणि तेथेच चालू करते. कोड वाचून सूचना देणारा पायथॉनचा पायलान्स किंवा सी++ चा इंटेलिसेन्स, फाइलींवर नजर ठेवणारा वॉचर, शोध घेणारी प्रक्रिया, हे सारे पलीकडच्या यंत्रावर चालते आणि लॅपटॉपवर केवळ खिडकी उरते. एडिटर तिकडे बिऱ्हाड थाटतो, हे एकदा ध्यानात आले की पुढच्या बहुतेक चुकांचा उगम आपोआप समजतो.

लॉगिन नोडवर मुक्काम

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ असो किंवा परदेशातील एखाद्या विद्यापीठाचा क्लस्टर, रचना साधारण सारखीच असते: बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी लॉगिन नोडवर (प्रवेशाच्या यंत्रावर) पोहोचतो आणि खरी गणिते स्लर्मसारख्या शेड्युलरमार्फत, म्हणजे कामांना यंत्रे वाटून देणाऱ्या प्रणालीमार्फत, कंप्यूट नोडवर होतात. लॉगिन नोड हा वाड्याच्या दिंडी दरवाजासारखा आहे. तेथून सगळ्यांनी ये-जा करायची असते. एकाच वेळी तीस-चाळीस विद्यार्थ्यांनी तेथे एडिटरचा सर्व्हर लावला आणि प्रत्येकाच्या पायलान्सने हजारो फाइली वाचायला घेतल्या, तर इतरांना फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ आज्ञा देऊनही उत्तरासाठी ताटकळावे लागते. म्हणूनच अनेक केंद्रांत वापरकर्त्यामागे मेमरीची मर्यादा घातलेली असते किंवा जड प्रक्रिया आपोआप मारल्या जातात. तुमच्या पडद्यावर दर काही मिनिटांनी ‘रीकनेक्टिंग’ दिसत असेल, तर नेटवर्कला दोष देण्यापूर्वी हे तपासावे.

आपण नेमके कोठे आहोत हे एडिटरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावरून ठरवू नये. तेथे दिसते ते तुम्ही एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिलेले नाव. एडिटरमधील टर्मिनल उघडून ‘होस्टनेम’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘लॉगिन’ असा शब्द आला तर मुक्काम चुकीच्या जागी पडला आहे.

योग्य मार्ग असा आहे. प्रथम साध्या टर्मिनलमधून लॉगिन नोडवर जाऊन स्लर्मच्या ‘एसअलॉक’ (salloc) या आज्ञेने गरजेपुरती साधने मागावीत, कोड लिहिणे आणि छोट्या चाचण्या घेणे यासाठी ४ कोअर, ८ जीबी मेमरी आणि ३-४ तास बहुधा पुरतात. जॉब (शेड्युलरकडे मागितलेले हे काम) सुरू झाला की ‘एसक्यू’ (squeue) या आज्ञेने मिळालेल्या नोडचे नाव पाहावे. मग लॅपटॉपवरील कॉन्फिग फाइलमध्ये त्या नोडसाठी लॉगिन नोडमार्गे आत नेणारी ‘प्रॉक्सीजंप’ ही ओळ घालून तिच्यापुढे लॉगिन नोडचे नाव द्यावे. ही सोय २०१६ मधील ओपनएसएसएच ७.३ पासून उपलब्ध आहे. नोडचे नाव दर वेळी बदलणार असल्याने ‘होस्ट’च्या ओळीत पूर्ण नावाऐवजी नावाचा सामायिक भाग आणि तारांकन लिहिले, तर फाइल पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागत नाही.

येथे एक पोटचूक हमखास होते. कंप्यूट नोडवर जाण्यासाठी एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या खासगी आणि सार्वजनिक फाइलींची जोडी) लागते म्हणून पुष्कळ जण आपली खासगी किल्लीच क्लस्टरवर नकलून ठेवतात. याची काहीच गरज नाही. प्रॉक्सीजंपमध्ये दोन्ही टप्प्यांची ओळख लॅपटॉपवरूनच पटवली जाते. होम डिरेक्टरी सर्व नोडवर सामायिक असेल, तर तेथील ‘ऑथोराइज्ड-कीज’ फाइलमध्ये सार्वजनिक किल्ली एकदा असणे पुरेसे आहे.

जोडताना ‘अॅक्सेस डिनाइड बाय पॅम-स्लर्म-अडॉप्ट’ असा संदेश आला, तर घाबरू नये. ज्या नोडवर तुमचा जॉब चालू नाही तेथे प्रवेश नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जॉब संपला असेल किंवा नोडचे नाव लिहिताना एखादा आकडा चुकला असेल. पॅम-स्लर्म-अडॉप्ट हाच पहारेकरी तुमचे एसएसएच सत्र तुमच्या जॉबच्या हिश्श्यात बसवतो. म्हणून जॉबची मुदत संपताच एडिटरही बंद पडतो. काही केंद्रांत कंप्यूट नोडवर थेट एसएसएच करायला परवानगीच नसते. तेथे व्हीएस कोडचा ‘टनेल’ हा पर्याय सुचवला जातो. पण तो मायक्रोसॉफ्टच्या मध्यस्थ सेवेतून जातो आणि त्यासाठी नोडला बाहेरचे इंटरनेट लागते. केंद्राच्या नियमांत तो बसतो की नाही, हे आधी विचारावे. खाते बंद झाल्यावर विचारणे महाग पडते.

बॅशआरसीतील बडबड

एका विद्यार्थ्याने मला सांगितले की टर्मिनलमधून सर्व काही नीट चालते, पण एडिटर मात्र जोडतच नाही. दोन दिवस त्याने किल्ल्या बदलल्या आणि एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवले. कारण निघाले क्लस्टरवरील त्याच्या ‘डॉट-बॅशआरसी’ फाइलच्या (शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, सुरू होताना ती वाचली जाते) शेवटच्या ओळीत: ‘एक्झेक झेडएसएच’. आवडते शेल आपोआप मिळावे म्हणून त्याने ती ओळ कधी तरी लिहिली होती आणि तो ती विसरून गेला होता. एडिटरची सर्व्हर बसवणारी स्क्रिप्ट आत शिरताच ही ओळ तिला दुसऱ्याच शेलच्या हवाली करत होती.

ही फाइल तुम्ही समोर नसतानाही वाचली जाते. तीत स्वागताचे संदेश छापणे, पाच-सहा ‘मॉड्यूल लोड’ करणे (क्लस्टरवरील सॉफ्टवेअर वापरात घेणे), पायथॉनसाठी कोंडाचे वातावरण चालू करणे, या गोष्टी टर्मिनलमध्ये खपून जातात. पण त्यांनी वेळ खाल्ला तर एडिटरची वाट पाहण्याची मर्यादा, जी मुळात १५ सेकंद असते, ओलांडली जाते. ती मर्यादा ‘कनेक्ट टाइमआउट’ या सेटिंगने ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते, पण तो वरवरचा उपाय झाला. खरी तपासणी सोपी आहे. लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ‘एसएसएच’, क्लस्टरचे नाव आणि शेवटी ‘ट्रू’ एवढेच लिहून एंटर दाबावे. पडद्यावर तुमच्या फाइलने छापलेले एकही अक्षर न उमटता दोन-तीन सेकंदांत प्रॉम्प्ट परत आला पाहिजे. तसे होत नसेल, तर शेल संवादी (म्हणजे माणूस समोर बसून आज्ञा देतो असे) नसल्यास तेथूनच माघारी फिरणारी अट बॅशआरसीच्या आरंभी घालावी आणि बाकीचा पसारा तिच्याखाली न्यावा.

कोटा आणि फाइलींचा डोंगर

अनेक क्लस्टरांवर होम डिरेक्टरीचा कोटा, म्हणजे साठवणुकीची मर्यादा, मोजकाच असतो. एडिटरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिच्याशी जुळणारा नवा सर्व्हर उतरतो आणि जुनेही काही काळ तेथेच पडून राहतात. त्यात एक्स्टेन्शनांची भर पडते. कोटा भरला की लक्षणे फसवी असतात: जोडणी अर्ध्यावर अडकते, सेव्ह केलेली फाइल शून्य बाइटची होते, कधी पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातो. ‘डीयू’ आज्ञेने त्या फोल्डरचा आकार आणि ‘कोटा’ आज्ञेने शिल्लक पाहावी. फाइलींच्या संख्येलाही स्वतंत्र मर्यादा असू शकते, हे विसरू नये. फोल्डर हाताने उडवण्याआधी कमांड पॅलेटमधून ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ ही आज्ञा द्यावी. हे फोल्डर स्क्रॅचवर (तात्पुरत्या साठवणुकीच्या जागेवर) हलवून होममध्ये सिमलिंक (तिकडे नेणारा दुवा) ठेवण्याची युक्ती चालते, मात्र स्क्रॅचवरील जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जात असतील, तर एके सकाळी एडिटर अर्धवट मोडलेला सापडेल.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे ‘ओपन फोल्डर’ करताना पूर्ण स्क्रॅच डिरेक्टरी उघडणे. तुमच्या आउटपुटच्या लाखभर फाइली असतील, तर वॉचर त्या सगळ्यांवर नजर ठेवू पाहतो आणि लस्टरसारख्या सामायिक फाइलप्रणालीवर त्याचा ताण सर्वांनाच जाणवतो. केवळ कोडचे फोल्डर उघडावे आणि डेटाची फोल्डरे ‘वॉचर एक्स्क्लूड’ व ‘सर्च एक्स्क्लूड’ या दोन्ही सेटिंगांत घालावीत.

काल चालत होते, आज नाही

एडिटर स्वतःहून अद्ययावत झाला आणि क्लस्टर मात्र जुनाच राहिला, असे झाले की हा अनुभव येतो. मार्च २०२५ च्या १.९९ या आवृत्तीपासून व्हीएस कोडच्या सर्व्हरला पलीकडच्या यंत्रावर जीलिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) २.२८ किंवा त्यापुढची लागते. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर ती २.१७ आहे, आणि त्या प्रणालीचा अधिकृत आधार ३० जून २०२४ रोजीच संपला. क्लस्टरवर ‘एलडीडी’ या आज्ञेला ‘व्हर्जन’ विचारले की आकडा दिसतो. तो कमी असेल तर १.९८ वर थांबून आपोआप अद्ययावत होणे बंद करणे हा तात्पुरता मार्ग आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, हे जाणूनच तो पत्करावा.

काही किरकोळ बाबी. एकाच पत्त्यामागे दोन-तीन लॉगिन नोड असतील, तर आज एकावर आणि उद्या दुसऱ्यावर उतरल्याने जुन्या सर्व्हरचा पत्ता लागत नाही; कॉन्फिगमध्ये ठरावीक नोडचे नाव द्यावे. नोडला बाहेरचे इंटरनेट नसेल, तर ‘लोकल सर्व्हर डाउनलोड’ या सेटिंगने सर्व्हर आधी लॅपटॉपवर उतरवून मग पाठवता येतो. खासगी किल्लीची परवानगी ६०० आणि डॉट-एसएसएच फोल्डरची ७०० असावी, म्हणजे ती केवळ तुम्हालाच उघडता येतील. आणि काहीही बिघडले तरी प्रथम ‘आउटपुट’ पॅनेलमध्ये ‘रिमोट-एसएसएच’ निवडून तेथील नोंदी वाचाव्यात. मदत मागताना ‘कनेक्ट होत नाही’ असे न लिहिता त्या नोंदींतील शेवटच्या वीस ओळी पाठवल्या, तर निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

काम संपल्यावर लॅपटॉपचे झाकण मिटून उठणे हीदेखील चूकच आहे. खिडकी बंद झाली तरी ‘एसअलॉक’ने घेतलेला जॉब संपेलच असे नाही; तो चालू राहिला तर मुदत पुरी होईपर्यंत ते ४ कोअर अडलेले राहतात आणि त्यांचे तास तुमच्या गटाच्या खात्यातून वजा होत राहतात. उठण्यापूर्वी ‘एसकॅन्सल’ आणि त्यापुढे जॉबचा क्रमांक लिहावा, मगच झाकण मिटावे.