सिगरेट सोडायचीय तर गोळी पण लागते आणि माणसं पण

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. अठरा वर्षं ओढली, दिवसाला बारा-पंधरा, सोडली चार वेळा आणि सुटली फक्त शेवटच्या वेळी. पहिले तीन प्रयत्न जिद्दीवाले होते. एकदा तर ३१ डिसेंबरला पाकीट गच्चीवरून खाली फेकलं, आणि २ जानेवारीला टपरीवाल्याने न विचारताच लायटर पुढे केला. चौथ्या वेळी गोळी घेतली आणि सोबतीला चार माणसं धरली. आता जो कोणी विचारतो त्याला हेच सांगतो, की बाबा जिद्द राहू दे बाजूला, आधी या दोन गोष्टींची सोय कर.

आकडे बघा म्हणजे कळेल. औषध न घेता सोडायला गेलेल्या १०० जणांतले साधारण ६ जण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतात, व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी घेतली तर साधारण १४. दुपटीहून जास्त झाले ना, पण उलटं पण बघा, गोळी घेऊनसुद्धा बहुतेक जण परत ओढायला लागतात. कारण गोळी डोक्यातल्या निकोटिनचं बघते, साडेचारच्या चहाला "चल ना खाली" म्हणणाऱ्या मित्राचं काय करायचं ते गोळीला माहीत नसतं, त्याला माणूसच लागतो.

तर पहिलं काम डॉक्टर. छातीचा, मानसोपचारवाला, किंवा तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर पण चालेल. लाजू नका आणि आकडा कमी करून सांगू नका, "दोन-तीन ओढतो" म्हणालात तर डोस पण दोन-तीनवाल्याचाच मिळेल. दिवसाला किती आणि सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली, हे दोन्ही खरं सांगा, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन घट्ट आहे असं धरतात. किडनीचा त्रास, कधी फिट आलीय का, बाई असाल तर दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजताय का, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, हे पण सांगायचं. दम्यासाठी थिओफायलिन किंवा डेरिफायलिन चालू असेल तर नक्की सांगा, कारण सिगरेटच्या धुराने लिव्हर ही औषधं भराभर संपवत असतं, धूर बंद झाला की तीच गोळी अंगात जास्त साठते आणि डोस बदलावा लागू शकतो. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचं पण तसंच.

आता व्हॅरेनिक्लिन. ही प्रिस्क्रिप्शनवर मिळते. काम कसं करते ते माझ्या भाषेत सांगतो. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं ही गोळी मेंदूतल्या निकोटिनच्या सीटवर रुमाल टाकून बसते. मागून निकोटिन येतं तर जागाच नाही. वर ही गोळी स्वतः थोडी किक पण देते, त्यामुळे तलफ अर्ध्यावर येते. सोडायच्या तारखेच्या आधी एक आठवडा सुरू करायची, पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, आणि एकूण १२ आठवडे. हा नेहमीचा डोस झाला, किडनी अधू असेल तर कमी करतात, म्हणून ते डॉक्टरच ठरवणार. पहिल्या आठवड्यात ओढलं तरी चालतं, आणि खरी गंमत तिथेच आहे, मला सहाव्या दिवशी टपरीवर उभं राहून वाटलं की मी नुसता धूर गिळतोय, पैसे देऊन.

त्रास काय होतो? मळमळ, हा पहिला नंबर. मी पहिल्या दिवशी चहा-खारीवर गोळी घेतली आणि अर्ध्या तासात बेसिनपाशी. नीट पोटभर नाश्ता करायचा, पोहे, पोळी-भाजी काहीही, मग पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर गोळी. दुसरं म्हणजे स्वप्नं, इतकी रंगीत की सकाळी उठून मी बायकोला विचारलं आपण खरंच गाय घेतली का. रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळीच जेवणाबरोबर घेतली की जरा कमी होतं, पण तेही डॉक्टरला विचारून. दारू काही जणांना या गोळीवर नेहमीपेक्षा जास्त चढते, तर तीन महिने जपून, आणि दारूच्या टेबलावर सिगरेट आठवतेच हे काय मी वेगळं सांगायचं का. या गोळीने डोकं फिरतं अशी एक भीती होती, अमेरिकेत पाकिटावर मोठी वॉर्निंग पण होती, पण आठ हजारांवर लोकांवरचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात तसा ठळक धोका दिसला नाही आणि त्याच वर्षी ती वॉर्निंग काढली. तरी मूड फारच विचित्र व्हायला लागला तर गोळी थांबवून डॉक्टरला लगेच फोन, यात हिरोगिरी नको.

बुप्रोपिऑन ही दुसरी गोळी, मुळात डिप्रेशनची. फिट येणाऱ्यांना अजिबात देत नाहीत, तोंड कोरडं पडतं, झोप उडते. आमच्यातल्या एकाला हीच मानवली, मला कधी घ्यावी लागली नाही म्हणून जास्त बोलत नाही.

निकोटिनचा गम मात्र सगळ्यांना माहितीय आणि निम्मे लोक चुकीचा खातात. तो च्युइंगगम नाहीये! हळूहळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. कचाकचा चावलात तर निकोटिन पोटात जातं, मग उचकी, छातीत जळजळ, आणि वर तलफ तशीच. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना खायचं-प्यायचं नाही, चहा-कॉफी-कोल्ड्रिंकने निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही, आणि आपण नेमके चहाबरोबरच खातो. २ मिलिग्रॅम साध्या माणसाला, ४ वाला सकाळी अर्ध्या तासात पेटवणाऱ्याला. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, तलफ यायची वाट न बघता घड्याळ बघून, मग हळूहळू अंतर वाढवायचं. निकोटिनचा पॅच, म्हणजे चिकटवायची पट्टी असते, तो सकाळी केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, रोज जागा बदलून. पॅच दिवसभर मंद आचेवर ठेवतो आणि अचानक उसळी आली तर वरून गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा जास्त चालते.

आता माणसं. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आम्ही पाच जण होतो, मी धरून दोन ऑफिसचे, एक सोसायटीतले रिटायर्ड काका ज्यांनी आधीच सोडली होती, एक मित्राचा मेहुणा, आणि बँकेत असलेली एक ताई, जिच्या ओढण्याबद्दल घरात कोणालाच माहीत नव्हतं. बायकांचं हे वेगळंच अवघड असतं, पुरुषाला "सोड रे" म्हणतात, बाईला थेट चारित्र्य ऐकवतात, म्हणून ती जवळच्या दवाखान्यात जायला पण घाबरायची. तिने सुरुवात क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोन नंबरवर केली, १८००-११-२३५६, फुकट आहे, २०१६ पासून दिल्लीहून चालते आणि २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल पण जोडलं गेलं. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो, आपण रोज तो हातात धरून सिगरेट काढतो आणि वाचत नाही, कमाल आहे.

पाच-सहाच्या वर माणसं नकोत, नाहीतर गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात. एक जण तरी आधी सोडलेला हवाच. आमचा नियम एकच होता, तलफ आली की ग्रुपवर फक्त "आली" एवढंच टाइप करायचं, आणि ज्याला पहिलं दिसेल त्याने मेसेज न करता फोन करायचा. फोनवर सिगरेटचा विषय काढायचा नाही. मॅच, भाजीचे भाव, बॉसला शिव्या, काहीही. तलफेची लाट तीन-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंड बोलण्यात आणि हात फोनमध्ये अडकले की झालं. काका तर मला आमटीची रेसिपी सांगायचे, दर वेळी तीच. घरच्यांना मात्र पोलीस करू नका, बायकोने किंवा आईने शर्टाचा वास घेतला की माणूस लपून ओढायला लागतो, मी लागलो होतो.

तारीख धरताना डोकं वापरा. ३१ डिसेंबर नको, सीए असाल तर मार्च नको, घरात लग्न असेल तो आठवडा नको. आदल्या रात्री पाकीट, लायटर, अ‍ॅशट्रे सगळं बाहेर, "एक इमर्जन्सीला" ठेवायची नाही. टपरीचा रस्ता महिनाभर बदला. महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे, पण टपरीवर जाऊन बघा आणि मला सांगा. त्या सुट्टीनेच घात होतो, पाकीट घ्यायला माणूस दोनदा विचार करतो, एक घ्यायला करत नाही.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात घाण. चिडचिड, डोकं जड, कामात लक्ष नाही, मी प्रिंटरशी भांडलो. कॉफी निम्मी करा, हे कोणी सांगत नाही पण धूर थांबला की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, तीच कॉफी दुप्पट लागते आणि वाटतं की सोडल्यामुळेच हात थरथरतायत. आणि पोटाचं काय ते पण बोलूया, सकाळी सिगरेटशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार खोटी नाही, निकोटिन आतडं हलवत असतं. पहिले दोन-तीन आठवडे कोमट पाणी, पेरू, रात्री इसबगोल, आणि संडासात फोन घेऊन जरा जास्त वेळ बसायची तयारी. खोकला उलट थोडे दिवस वाढू शकतो, फुप्फुस झाडलोट करतंय. वजन चार-पाच किलो वाढतं बऱ्याच जणांचं, वाढू द्या, ते नंतर बघू. तोंडात टाकायला बडीशेप, वेलची, लवंग. सुपारी नाही! सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसला तरी. आणि सिगरेट सोडून मळायला लागलात तर ती सोडणं नव्हे, आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू खाणारेच जवळपास दुप्पट आहेत, त्यामुळे चुन्याची डबी पुढे करणारा प्रत्येक ऑफिसात असतो.

घसरलात तर? मी घसरलो, तेहेतिसाव्या दिवशी, एका हळदीला, दोन ओढल्या. घरी येऊन ग्रुप सोडायला निघालो होतो, लाज वाटली म्हणून. काकांनी रात्री साडेअकराला फोन करून एकच विचारलं, "सकाळची गोळी घेणारेस ना?" बस. गोळी चालू ठेवायची, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर खरं सांगायचं, आणि कुठे, कोणाबरोबर, हातात ग्लास होता का एवढं लिहून ठेवायचं. दोन सिगरेटी म्हणजे दोनच. त्याचं पाकीट करायची काही गरज नसते.

सगळ्यात जास्त लोक मी पाचव्या-सहाव्या आठवड्यात पडताना बघितलेत, कारण तेव्हा बरं वाटायला लागतं, "आता काय, सुटली" म्हणून गोळी मध्येच बंद करतात. १२ म्हणजे १२. टिकून राहिलेल्यांना डॉक्टर कधी कधी अजून १२ आठवडे देतात, देत असतील तर घ्या.

आणि पुढे कधी तुमच्यावर दुसऱ्याला फोन करायची पाळी आली, तर तिसऱ्या दिवशीच्या माणसाला सडलेल्या फुप्फुसाचे फोटो पाठवू नका, "माझं बघ कसं सुटलं" सांगू नका, कॅन्सरने गेलेल्या मामाची गोष्ट तर नकोच. जेवलास का विचारा. गोळी घेतलीस का विचारा. मग आमटीत चिंच घालतोस की आमसूल ते विचारा, पाच मिनिटं सहज जातात.