ग्रहविज्ञानात यायचंय? कोकणातल्या पोरापोरींसाठी थोडं सविस्तर

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं आणि तेव्हापासून गावाकडून मला एकच प्रश्न येतोय, "ताई, इस्रोत कसं जायचं?" विचारणारे बहुतेक बारावीचे नाहीतर बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, देवगड, राजापूर, कणकवली, रत्नागिरी, इकडचेच. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मी देवगड तालुक्यातली, बीएस्सी-एमएस्सी जिऑलॉजी केलं आणि आता ग्रहविज्ञानात पीएचडी संपत आलीय, त्यामुळे हे सगळं ताजं आहे.

पहिली गोष्ट, "इस्रोत जायचंय" आणि "चंद्र-मंगळाचा अभ्यास करायचाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमची नेमकी कुठली आहे हे आधी ठरवा. इस्रोची जी सायंटिस्ट-इंजिनिअरची मोठी भरती निघते ती मुख्यतः इंजिनिअरिंगवाल्यांसाठी असते, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर. ते लोक यान बनवतात, उडवतात, उतरवतात, आणि ते ग्रेटच काम आहे. पण यान उतरल्यावर "हा दगड कसला, किती जुना, इथे पाणी होतं का" हे विचारणारी माणसं वेगळी, आणि ती येतात जिऑलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्रीतून. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस हे मूलद्रव्यं मोजणारं उपकरण अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने, म्हणजे पीआरएलने बनवलं. रोव्हर साधारण 103 मीटर फिरला, तेवढ्यात त्याने 23 ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली, आणि त्यावरून चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा महासागर होता या कल्पनेला दक्षिणेकडच्या उंच अक्षांशावरून पहिल्यांदा जागेवरचा पुरावा मिळाला. ऑगस्ट 2024 मधे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. त्या कामाचा गाभा खडकांचं रसायन आहे, आणि ते बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

आता कोकणाचं. आपल्याकडे जिऑलॉजीला जायचं म्हटलं की घरात चेहरे पडतात. माझे काका म्हणाले होते, "दगडधोंडे बघून पोट भरतला काय गो?" त्यांचा राग नव्हता, काळजी होती, कारण आपल्याकडे शिकलेल्या मुलाने मुंबईला कंपनीत लागायचं हे ठरलेलं. पण मला खरंच वाटतं की या विषयासाठी कोकणासारखी जागा नाही. एकदा चिरेखाणीत जाऊन कापलेली भिंत वरपासून खालपर्यंत नीट बघा. वर कडक, काळपट-लाल, लोखंडाने भरलेला कातळ, त्याखाली भोकाभोकांचा जांभा, जो कापताना मऊ असतो आणि वाऱ्यावर पडला की घट्ट होतो, आणि खाण पुरेशी खोल असेल तर अजून खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती, जी विहीर खणतानाही लागते. देवगडकडे त्याच्याही खाली काळा बेसाल्ट, दख्खनचा, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा. म्हणजे लाव्हाचा दगड, त्यावर लाखो वर्षं धो धो पाऊस, सिलिका वाहून गेलं आणि लोखंड-अॅल्युमिनियम मागे राहिलं, ही सगळी गोष्ट त्या एका भिंतीत दिसते.

मंगळही बेसाल्टचाच आहे. आणि तिथल्या जेझेरो विवरात, म्हणजे धडकेने झालेल्या मोठ्या खड्ड्यात, नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरला (तो 18 फेब्रुवारी 2021 ला उतरला) फिकट रंगाचे, अॅल्युमिनियमने भरलेले सुटे दगड सापडलेत ज्यात केओलिनाइट आहे, म्हणजे आपल्या जांभ्याखालच्या पांढऱ्या मातीतलं मुख्य खनिज. ते दगड तिथे कुठून आले ते अजून कळलेलं नाही. पण असं खनिज बनायला भरपूर पाणी आणि भरपूर काळ लागतो, मग मंगळावर कधीकाळी पावसाळे होते का? हा प्रश्न सोडवायला लोक पृथ्वीवरचे जुने मातीचे थर घेऊन तुलना करतायत. जिने लहानपणापासून जांभा पायाखाली बघितलाय तिला हा प्रश्न पुस्तकात वाचून समजून घ्यावा लागत नाही, हा आपला खरा फायदा आहे आणि तो वाया घालवू नका. कातळशिल्पं बघायला सड्यावर जाता ना, तेव्हा चित्रासोबत कातळही बघा. आणि सिंधुदुर्गात दक्षिणेकडे सरकलात की खडकच बदलतात, कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज, एका जिल्ह्यात एवढी व्हरायटी फार कमी ठिकाणी मिळते.

शिक्षणाची वाट सांगते. बीएस्सीला जिऑलॉजी मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर फिजिक्स किंवा केमिस्ट्री घ्या, पण गणित सोडू नका, कृपा करून सोडू नका. एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही परीक्षा असते, फेब्रुवारीत, तिच्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर आहे आणि त्यावर आयआयटी मुंबईच्या अप्लाइड जिऑलॉजीला वगैरे प्रवेश मिळतो. पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, आणि सिंधुदुर्गवाल्यांना गोवा विद्यापीठ तर घराजवळच. तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही इस्रोच्या छत्राखालची संस्था, तीही लक्षात ठेवा. एमएस्सी करताना सीएसआयआर नेट ही परीक्षा द्यायची, आपला पेपर अर्थ, अॅटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस, वर्षातून दोनदा होतो. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000, वर घरभाडं, हे जानेवारी 2023 पासूनचे दर. हा आकडा मुद्दाम लिहितेय कारण काकांना शेवटी हाच दाखवला होता. पीआरएलला पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट अशा परीक्षांतून मुलाखतीला बोलावतात, आणि तिथला ग्रहविज्ञान विभाग आपल्या देशातला या विषयाचा मोठा आधार आहे. कोकण रेल्वेवरून गुजरातला थेट गाड्या आहेत त्यामुळे घरच्यांना "लांब" वाटायचं फार कारण नाही.

आता बातम्या कशा वाचायच्या, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून जास्त लिहिते. सप्टेंबर 2024 मधे केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-4 आणि शुक्राची मोहीम मंजूर केली. चांद्रयान-4 चंद्रावरची माती-दगड परत आणणार, खर्च सुमारे 2,104 कोटी, आणि शुक्राच्या ऑर्बिटरला, म्हणजे शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला, 1,236 कोटी, मार्च 2028 मधे सोडायचं ठरवलंय. पेपरात एवढंच येतं आणि आपण अभिमानाने स्टेटस ठेवून मोकळे होतो. पण संशोधनात येणाऱ्याने पुढची साखळी बघायची. मोहीम मंजूर झाली की उपकरणं ठरतात, उपकरणामागे एक टीम असते, त्या टीमला माणसं लागतात. यान काम करायला लागलं की इस्रो डेटावर काम करण्यासाठी देशभरातून प्रस्ताव मागवते, चांद्रयान आणि मंगळयानाच्या वेळी मागवलेच होते. कुठल्या तरी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा प्रस्ताव मंजूर होतो, त्यांना प्रोजेक्टवर जेआरएफ किंवा असिस्टंट घ्यायचा असतो, आणि ती जाहिरात विद्यापीठाच्या साइटवर कोपऱ्यात पंधरा-वीस दिवस असते आणि जाते. खरी संधी तिथे असते, आणि तिला अर्ज अगदी थोडे येतात. चांद्रयान-4 चं म्हणाल तर, चंद्राचे दगड इथे येणार म्हणजे ते हाताळणारी, कापणारी, त्यांचं वय काढणारी माणसं लागणार. आज जो बीएस्सीला आहे तो तेव्हा बरोब्बर पीएचडीच्या वयाचा असेल. मायक्रोस्कोपखाली दगडाची पातळ चकती वाचायला आत्तापासून मन लावून शिका, ते प्रॅक्टिकल उरकून टाकायचं नसतं. आणि जपानबरोबरची चांद्रयान-5 ही मोहीमपण आहे, ध्रुवाजवळ पाणी शोधायची, तिच्याकडेही लक्ष ठेवा.

नोकरी-अॅडमिशनची वाट बघत बसू नका, काम आजच सुरू करता येतं, कारण या विषयातला डेटा फुकट आहे. चांद्रयान-2 चा ऑर्बिटर 2019 पासून फिरतोय, त्याचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून मिळतो. नासाचा चंद्र-मंगळाचा डेटा तर नोंदणीशिवायही उतरवता येतो. क्यूजीआयएस आणि जेमार्स ही नकाशांवर काम करायची दोन सॉफ्टवेअरं फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. पावसात लाइट आणि नेट दोन्हीचं काही खरं नसतं म्हणून मोठ्या फाइल्स मे महिन्यातच उतरवून ठेवा.

काय करायचं ते एका उदाहरणाने सांगते. चंद्रावरच्या काळ्या सपाट लाव्हाचा एक छोटा तुकडा निवडा, 100 मीटर प्रति पिक्सेलचा नकाशा पुरतो, आणि त्यातलं प्रत्येक विवर गोल करून मोजा. जमीन जितकी जुनी तितकी तिच्यावर विवरं जास्त, म्हणून मोजणीवरून वय काढता येतं. सोपं वाटतं ना? थोड्या वेळात डोळे फसवायला लागतात, खड्डे उंचवटे दिसायला लागतात, मग सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघून स्वतःला सावरायचं. मग लक्षात येतं की काही विवरं रांगेत, घोळक्यात आहेत आणि थोडी लांबट आहेत, ती दुय्यम, म्हणजे दुसऱ्या मोठ्या धडकेतून उडालेल्या दगडांनी झालेली, ती वगळायची, नाहीतर जमिनीचं वय उगाच जास्त निघतं. मग आकार आणि संख्या यांचा आलेख काढायचा आणि त्यावरून वय. हे वय विश्वासाने सांगता येतं कारण अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांची खरी वयं माहीत आहेत आणि मोजणी त्यांच्याशी जुळवून बघता येते, आणि चीनच्या चांग-ई 5 ने डिसेंबर 2020 मधे आणलेला बेसाल्ट 2 अब्ज वर्षांचा निघाला तेव्हा माहीत असलेल्या वयांमधली मोठी रिकामी जागा भरली. एवढं एक काम नेटाने केलंत तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल, आणि कुठल्याही कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा त्याला जास्त वजन असतं.

कारण पुढची पायरी म्हणजे मेल लिहिणं. संशोधकांना रोज मेल येतात, "आदरणीय सर, मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे, मला इंटर्नशिप द्या." याला उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांचा उद्धटपणा नसतो, त्यांना त्या मेलवरून काही ठरवताच येत नाही. त्याऐवजी असं लिहा की तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातल्या या भागात मी स्वतः विवरं मोजली, मला त्या जमिनीचं वय तुमच्या आकड्यापेक्षा जास्त येतंय, दुय्यम विवरं वगळण्यात माझा फरक पडतोय का, सोबत नकाशा जोडलाय. पाच-सहा ओळी बास. इंग्रजी साधं असू दे, चुकलं तरी कोणी हसत नाही, प्रश्न खरा असला पाहिजे. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, त्यानंतर दुसरी व्यक्ती शोधा.

कॉन्फरन्सही लवकर सुरू करा. पीआरएलने सुरू केलेली इंडियन प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स आपल्याच देशात होते, तिथे विद्यार्थ्यांना सांभाळून घेतात. जगातली मोठी म्हणजे टेक्सासमधली लूनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स, मार्चमधे असते, त्यासाठी दोन पानी सारांश साधारण जानेवारीच्या सुरुवातीला द्यावा लागतो. प्रत्यक्ष जाणं महाग आहे, पण जुने सारांश सगळ्यांना वाचायला खुले आहेत. मी म्हणेन की पाठ्यपुस्तकाआधी तेच वाचा, दोन पानात प्रश्न, पद्धत, उत्तर, सगळं असतं.

परदेशाबद्दल थोडक्यात. जर्मनीत गटिंगनला सौरमालेवर काम करणारी माक्स प्लांक संस्था आहे, तिथे पीएचडीला फी तर नाहीच, उलट पगार मिळतो. युरोपात इरास्मस मुंडस योजनेत ग्रहभूशास्त्राची मास्टर्सपण आहे. अमेरिकेत 2025 मधे नासाच्या विज्ञान निधीत जवळपास निम्मी कपात सुचवली गेली होती आणि तेव्हापासून वातावरण अस्थिर आहे, तिकडचे अर्ज करा पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. आणि "नासाची इंटर्नशिप, फक्त इतके हजार भरा" असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा. खऱ्या संशोधन इंटर्नशिपसाठी पैसे भरावे लागत नाहीत.

गणपती झाले की आपल्या फॉर्मांचा सीझन सुरू होतो हे डोक्यात ठेवा. जॅम आणि गेटचे फॉर्म साधारण त्याच सुमारास, मग दिवाळीच्या आगेमागे तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे, त्यात बीएस्सीवालेही चालतात आणि दोन महिने एखाद्या चांगल्या लॅबमधे काम करायला मिळतं. इस्रोच्या देहरादूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ग्रहभूशास्त्राचाही झालाय. पैशाची अडचण असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप बघा, त्यांच्या तारखा मागेपुढे होतात म्हणून दर आठवड्याला साइट उघडून बघायची सवय लावा. बारावीला कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, मग केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी आपल्या मुलांचे अर्ज जास्त जायला नकोत का? बोर्डात वरच्या 1 टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानाला गेलात तर वर्षाला 80,000 मिळतात. कॉलेजमधे विचारा, शिक्षकांना माहीत नसेल तर त्यांना सांगा.

मुलींना एक वेगळं सांगते. फील्डवर्क म्हटलं की घरी "एकटी कुठे डोंगरात" सुरू होतं. पहिल्या फील्डला आईला किंवा भावाला सोबत न्या, त्यांना खडक दाखवा, काय करतेस ते बघू दे. आणि या विषयातलं निम्मं काम स्क्रीनवर होतं हेही त्यांना कळू दे.

शेवटी त्या काळ्या दगडांबद्दल, कारण महिन्यातून एकदा तरी फोटो येतो, "ताई, उल्का सापडली, जड आहे, लोहचुंबक चिकटतंय." आपल्याकडे जांभ्यातल्या लोखंडाच्या गाठी जड असतात आणि काही चुंबकालाही ओढतात, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. घरातली जुनी टाइल्स घ्या, तिच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा. लालसर किंवा तपकिरी रेघ आली तर तो आपल्याच कातळाचा. उल्का असेल तर रेघ सहसा उठत नाही किंवा अगदी फिकट राखाडी येते. बाहेरून पातळ, काळी, जळाल्यासारखी साल आहे का आणि मोडलेल्या कडेला आतला रंग वेगळा, फिकट आहे का ते बघा. दगडाला भोकं असतील तर बहुतेक उल्का नाहीच. एवढं सगळं जुळलं तर मात्र दगड धुऊ नका, तोडू नका, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत ठेवा, कुठे कधी सापडला ते लिहा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, आपल्या देशात उल्का त्यांच्या ताब्यात द्यायच्या असतात. आणि मलाही फोटो पाठवा, रेघेचासुद्धा.