सीडी रिप करायला बसण्याआधी

सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची (रिप करायची) तर सॉफ्टवेअर आधी ठरवा: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. सीडी पुसून घ्या. कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा ठेवा.

आता लॉग, म्हणजे रिप कसं झालं याची सॉफ्टवेअरने लिहिलेली नोंद. प्रत्येक सीडीचा लॉग आपोआप सेव्ह होईल अशी सेटिंग पहिल्यांदा करा, बाकीचं नंतर. गेल्या खेपेला हेच राहिलं आणि कपाटभर सीडी बर्स्ट मोडमध्ये (एकदाच, न ताडता, भरभर वाचून) काढून झाल्यावर कुठलं गाणं नीट वाचलं गेलं, हे कळायला काही मार्गच उरला नाही. फ्लॅक (आवाज न गमावता लहान केलेली) फाइल तपासली की ‘ठीक’ असंच उत्तर येतं, त्यावर विसंबू नका. फाइलमधला एमडी५ (पडताळणीचा आकडा) एवढंच सांगतो, की एन्कोडरच्या (फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) हातात जे आलं ते जसंच्या तसं बाहेर पडतंय. ड्राइव्हनेच चुकीचं वाचलं असेल तर ती चूकही इमानेइतबारे जपली जाते.

म्हणून सिक्युअर मोड, म्हणजे तोच भाग पुन्हा वाचून ताडून बघणारा. ड्राइव्ह कॅश करत (वाचलेलं स्वतःच्या मेमरीत ठेवत) असेल तर ते सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर दुसऱ्यांदा वाचल्यासारखं दाखवून तो कॅशमधलंच पुढे करतो. रीड ऑफसेट (ड्राइव्ह किती पुढे-मागे सरकून वाचतो तो आकडा) भरा. अ‍ॅक्युरेटरिप (इतरांच्या रिपशी ताडून बघणारा डेटाबेस) त्याच्या ओळखीची सीडी घातली की तो आकडा स्वतः शोधून देतं. ‘टेस्ट अँड कॉपी’ (दोनदा वाचून ताडायची सोय) वापरा. मग लॉग उघडून टेस्टचा आणि कॉपीचा सीआरसी (वाचलेल्या डेटाचा पडताळणीचा आकडा) जुळतो का ते डोळ्यांनी बघा. ट्रॅक ७ चे आकडे वेगळे दिसले तर तो ट्रॅक पुन्हा काढा, तिथल्या तिथे. वेळ लागतो, लागू द्या. लॉग वाचल्याशिवाय पुढची सीडी घालायची नाही.

फ्लॅकची कॉम्प्रेशन लेव्हल ५ ठेवा. ८ ने आवाज सुधारत नाही, फाइल किंचित लहान होते इतकंच. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत आयडी३ टॅगची (एमपी३मधल्या गाण्याच्या माहितीची) खूण काढून टाका. फ्लॅकचे टॅग वेगळे असतात. नॉर्मलाइज (आवाजाची पातळी फाइलमध्येच बदलणं) बंद! आवाज सारखा हवा असेल तर रिप्लेगेन (वाजवताना पातळी जुळवणारा टॅग) आहे.

फोनसाठी लेम या एमपी३ एन्कोडरचं व्ही० (सरासरी साधारण २४५ केबीपीएस) किंवा व्ही२ (साधारण १९०), नाहीतर ओपस (एमपी३सारखाच दुसरा फॉरमॅट) १२८. नेहमी फ्लॅकवरून, एमपी३वरून कधीच नाही.

नावं, कव्हर, ट्रॅक क्रमांक. दुसऱ्या डिस्कवर बॅकअप, आणि त्यात लॉगसुद्धा.