डोंगरावरून आलं की शिंका? सातारकरांनो, या चुका टाळा

कास पठारावरून आलं की दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागतं, डोळे लाल होतात आणि सगळं खापर फुलांवर फुटतं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यांच्यावर हा आळ उगीच येतो. रंगीत फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते मधमाशीच्या पायाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. खरा त्रास देतं ते गवत, ज्याच्याकडे आपण वळूनही बघत नाही. त्याला कीटकांची गरज नसते, त्यामुळे ते हलके कण ढिगानं वाऱ्यावर सोडून देतं. आणि कास बहरतं त्याच भाद्रपद-आश्विनात यवतेश्वर घाटातलं, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं, सज्जनगडाच्या वाटेवरचं गवत तुऱ्यावर आलेलं असतं. त्यात कुजक्या पाल्यातल्या बुरशीची भर पडते आणि खाली शिवारात सोयाबीनची मळणी सुरू झाली की तिच्या धुरळ्याचीही.

म्हणजे पहिली चूक गुन्हेगार ओळखण्यात होते. "आपल्याला कास सोसत नाही" म्हणून हंगामभर घरी बसणारी माणसं सातारमध्ये घरोघरी सापडतील. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांना डोंगर सोडायची गरज नाही. पठारावर फुलं बघताना त्रास होत नाही आणि कंबरभर गवतातून चालून आल्यावर होतो, एवढं लक्षात आलं तरी निम्मं काम झालं. मळलेली, रुंद वाट धरा. गवतात बसकण मारून डबा खाण्यापेक्षा कातळावर बसा.

गाजरगवत हातानं उपटू नका

गडांच्या साफसफाईच्या मोहिमा आपल्याकडे मोठ्या उत्साहानं होतात आणि व्हायलाच हव्यात. पण तिथे एक चूक सर्रास दिसते. तरणी पोरं उघड्या हातांनी, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर गाजरगवत उपटत असतात, तेही पांढऱ्या फुलांनी भरलेलं. 1950 च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे परदेशी तण आज रस्त्याकडेला, पडीक रानात, गडाच्या पायथ्याशी सगळीकडे माजलं आहे. ते नाकाला त्रास देतंच, शिवाय कातडीलाही देतं. पापण्या, मान, कोपराची खोबण इथे लालसर, खाजरे चट्टे उठतात आणि एकदा शरीरानं या गवताशी वैर धरलं की पुढे नुसतं जवळून गेलं तरी चट्टे उठू शकतात.

उपटायचंच असेल तर फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर मास्क हवाच. घामेजल्या हातानं डोळे पुसू नका. ज्यांना आधीच अ‍ॅलर्जी आहे त्यांनी त्या दिवशी प्लास्टिक गोळा करावं, पाणी वाटावं. मोहिमेत कामाला तोटा नसतो.

गोळी उशिरा घेणं, आणि चुकीची घेणं

शिंकांची माळ लागल्यावर मेडिकलमधून गोळी आणायची ही आपली जुनी सवय. अ‍ॅलर्जीवरची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त कामाची. रविवारी सकाळी गडावर जायचं असेल तर शनिवारी रात्री घ्या. सेटिरिझिननं अनेकांना गुंगी येते आणि सर्दीच्या जुन्या, स्वस्त मिश्र गोळ्यांनी तर हमखास येते. ती गोळी घेऊन यवतेश्वरचा घाट दुचाकीवर चढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. फेक्सोफेनाडिननं झोप फारशी येत नाही, मात्र ती साध्या पाण्याबरोबरच घ्या. संत्र्या-सफरचंदाच्या रसानं तिचा असर कमी होतो.

लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट एकत्र असलेली गोळी लोक महिनोन् महिने आपल्याच मनानं खातात. मॉन्टेल्युकास्टमुळे काहींची झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात, मन उदास होतं. याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 मध्ये ठळक इशारा दिला आहे. डॉक्टरांनी दिली असेल तर जरूर घ्या, पण मुलाची चिडचिड अचानक वाढली तर या गोळीची आठवण ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो. "एक सुई मारा, हंगाम निघून जाईल" असं म्हणत स्टिरॉइडचं इंजेक्शन मागून घेऊ नका. दरवर्षी घेतलेल्या त्या सुईची किंमत रक्तातली वाढलेली साखर आणि ठिसूळ झालेली हाडं मोजतात.

स्प्रे चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी नाक चोंदून हैराण होणाऱ्यांसाठी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे हे सगळ्यात भरवशाचं औषध. तरी निम्मे लोक तो चार दिवसांत टाकून देतात, कारण तो डोकेदुखीच्या गोळीसारखा लगेच लागू पडत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून तो हंगामाच्या आधी, नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरू करावा आणि रोज घ्यावा.

मारण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. मान मागे टाकून, नाकपुडीच्या मधल्या पडद्याकडे नळी रोखून जोरात ओढला की औषध थेट घशात उतरतं, कडू लागतं आणि पडद्याला इजा होऊन रक्त येतं. आधी नाक शिंकरून मोकळं करा. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धरा, डावीसाठी उजव्या. असं केलं की नळीचं तोंड आपसूक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबताना फुलाचा वास घ्यावा इतकाच हलका श्वास घ्या. घशात कडवट चव आली तर समजा, फार जोरात ओढलं.

चोंदलेलं नाक क्षणात मोकळं करणारे थेंब वेगळे. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशी नावं बाटलीवर दिसतील. तीन ते पाच दिवसांच्या वर ते वापरले की नाक त्यांच्यावाचून उघडतच नाही. उशाशी कायम ती बाटली ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मूळ अ‍ॅलर्जी बाजूला राहते आणि थेंबच आजार होऊन बसतात.

घरी आल्यावर

बूट दाराबाहेर, कपडे थेट धुण्यात, आणि केसांवरून आंघोळ. संध्याकाळ झाली म्हणून नुसते हातपाय धुऊन त्याच केसांनी उशीवर डोकं टेकवलं की दिवसभराचं गवत रात्रभर नाकाशी राहतं. हंगामात कपडे गच्चीवर वाळत घालणंही टाळलेलं बरं.

मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यानं फार आराम पडतो. कपभर पाण्याला अर्धा चमचा मीठ. पण नळाचं कच्चं पाणी नको. उकळून गार केलेलंच घ्या. कच्च्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जीव जातो.

जिल्ह्यातला मध खाल्ला की अ‍ॅलर्जी जाते असंही ऐकू येतं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. तिथला मध जरूर आणा, चवीनं खा. पण मधमाशी गोळा करते ते पराग फुलांचे, आपल्याला त्रास देणारे बहुतेक गवताचे. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

हवा न बघता निघणं

रिपरिप पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा खुशाल निघा. चार दिवसांची उघडीप, कडक ऊन आणि सुटलेला वारा हे त्रासाचे दिवस. विजांसह येणाऱ्या परतीच्या पावसाचं मात्र वेगळं आहे. वादळाच्या ओलीनं गवताचे परागकण फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत उतरतात. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये अशाच एका संध्याकाळी हजारो लोकांना धाप लागून दवाखाना गाठावा लागला, काहींचा जीवही गेला. ऑक्टोबरात आभाळ गडगडायला लागलं की दमेकऱ्यांनी पठारावर थांबू नये, घरात येऊन खिडक्या लावाव्यात.

नाकाचं दुखणं छातीत उतरलेलं न ओळखणं

हिल मॅरेथॉनच्या तयारीला घाटात पळणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चढावर धाप सगळ्यांनाच लागते. पण थांबून दहा मिनिटं झाली तरी श्वास बसत नाही, छातीतून शिटीसारखा आवाज येतो, पहाटे खोकल्यानं जाग येते, तेव्हा दम कमी पडतोय असं समजून सराव वाढवू नका. नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना दमा होण्याचा संभव जास्त असतो. दम्याच्या पंपाची (इनहेलरची) लाज वाटून तो घरी ठेवणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पंप कमरेच्या पाऊचमध्ये हवा, गाडीच्या डिकीत नको, आणि तो कुठे आहे हे सोबतच्याला ठाऊक हवं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर गड उतरल्यावर बघू म्हणून थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.

दरवर्षी हेच होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून त्वचेवरची चाचणी करून घ्या. चाचणीआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. ते न केल्यानं निकाल चुकीचा येतो आणि पैसे वाया जातात. नेमकं कारण कळलं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे त्रास देणारा घटक थोडा थोडा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचाराचा, विचार करता येतो. ती तीन ते पाच वर्षं चालते, म्हणून सुरू करण्याआधी तेवढा धीर आणि खर्च आपल्याला झेपेल का हे डॉक्टरांशी बसून बोला.