टाकीत किती उरलंय? उपग्रहाच्या कंट्रोल रूममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

भूस्थिर कक्षा 35,786 किलोमीटरवर असते वगैरे तुम्ही परीक्षेसाठी घोकलेलं आहेच, ते पुन्हा सांगत नाही. कंट्रोल रूममध्ये आल्यावर मात्र सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: टाकीत इंधन किती उरलंय? ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारं यंत्र) ठणठणीत, सोलर पॅनल शाबूत, तरीही उपग्रह निवृत्त करावा लागतो, कारण त्याला जागेवर धरून ठेवायला इंधन नसतं. एप्रिल 1982 मध्ये गेलेल्या इन्सॅट-1ए चं इंधन त्याच सप्टेंबरात संपलं आणि तो सोडून द्यावा लागला.

खर्च कुठे होतो ते आधी डोक्यात बसवा. सूर्य-चंद्राच्या ओढीने कक्षेचं प्रतल हळूहळू कलतं. ते सरळ ठेवायला वर्षभरात एकूण सेकंदाला सुमारे 50 मीटर एवढा वेगबदल लागतो. पूर्व-पश्चिम सरकणं आवरायला फार तर 2 मीटर, आणि आपल्या 74 अंश पूर्वेच्या जागेवर त्याहूनही कमी, कारण 75 अंशाचा स्थिर बिंदू, म्हणजे जिथून उपग्रह आपोआप सरकत नाही ती जागा, शेजारीच आहे. पूर्वेला न्यायचं तर उपग्रहाचा वेग कमी करायचा, हे सुरुवातीला उलटं वाटतं. त्याची धास्ती घेऊ नका, चार मॅन्यूव्हर, म्हणजे इंधन जाळून कक्षा बदलण्याच्या कृती, पाहिले की अंगवळणी पडतं.

ज्याने माझी झोप उडवली होती ते वेगळंच आहे. वजनरहित अवस्थेत इंधन टाकीच्या तळाशी बसत नाही, त्यामुळे पातळी मोजता येत नाही. म्हणून दोन हिशेब ठेवतात. एक वहीखात्याचा: थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारं छोटं इंजिन) किती सेकंद चालला गुणिले दर सेकंदाचा खर्च. दुसरा पीव्हीटी, म्हणजे दाब-आकारमान-तापमानाचा: उपग्रह कक्षेत पोचला की इंधनावर दाब देणाऱ्या हेलियम वायूची बाटली कायमची बंद करतात, मग टाकीतल्या वायूचा दाब आणि तापमान घेऊन त्याचं आकारमान काढायचं आणि ते टाकीतून वजा करायचं. उरेल ते इंधन. सॉफ्टवेअर हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं, आणि नवीन माणूस त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

आता आकडे मांडून बघा. समजा टाकी 1000 लिटरची. सुरुवातीला वायू 400 लिटर, इंधन 600. दाबाच्या मापात 1 टक्का चूक असेल तर वायूत 4 लिटरची चूक, म्हणजे 600 मध्ये 4. कोणी विचारतही नाही. बारा वर्षांनी वायू 970, इंधन 30. तोच सेन्सर, तीच 1 टक्का चूक, पण आता ती जवळपास 10 लिटरची झाली. उरलेल्याच्या एक तृतीयांश! आणि 1 टक्का म्हणजे फार नव्हे. 0 ते 25 बारचा सेन्सर 8 बिटांच्या टेलिमेट्रीवर (उपग्रहाकडून येणाऱ्या मापांवर) असेल तर एक काउंट, म्हणजे दिसू शकणारा सर्वात लहान फरक, 0.1 बारचा. दाब 10 बारवर आला की एकच काउंट म्हणजे 1 टक्का. पडद्यावर एक काउंट खालीवर झाला आणि तुमचे 10 लिटर आले किंवा गेले. शिवाय ग्रहणकाळातून, म्हणजे पृथ्वीच्या सावलीतून, बाहेर पडल्यावर टाकीच्या सगळ्या भागांचं तापमान सारखं नसतं. त्या रात्रीचं रीडिंग हिशेबात धरूच नका.

याचं एवढं का? कारण शेवटी उपग्रह कक्षेबाहेर, सुमारे 300 किलोमीटर वर न्यायचा असतो. दीड टनाच्या उपग्रहाला त्यासाठी साधारण 6 किलो इंधन पुरतं, आणि आपली चूकच त्याहून मोठी असू शकते. अंदाज चुकला तर तो उपग्रह त्या वर्तुळात कायमचा भटकत राहणार, शेजारच्या चालू उपग्रहांच्या वाटेत. 2007 मध्ये 12 वर्षांच्या आयुष्यासाठी सोडलेला इन्सॅट-4बी जानेवारी 2022 मध्ये 11 मॅन्यूव्हर करून सुमारे 340 किलोमीटर वर नेला आणि मग बंद केला. माझ्या मते या कामाचं श्रेय प्रक्षेपणाइतकंच मोठं आहे.

सीनियरची तयार एक्सेल शीट मिळेल. ती घ्या, पण महिनाभर उघडू नका. कागदावर स्वतः पीव्हीटी करा. आकडा पटकन सांगणारा सीनियर गोड वाटतो; मी मात्र म्हणेन, ‘हा आकडा आला कुठून?’ असं प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या शिफ्टमध्ये जागा मागा. कोचिंगच्या नोट्सचा इथे काडीचा उपयोग नाही.

ग्रहणाच्या रात्रींना घाबरू नका. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्य आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्य, मध्यरात्रीच्या आसपास, जास्तीत जास्त 72 मिनिटं सगळा भार बॅटरीवर असतो. सगळं आधी ठरलेलं असतं, शेजारी अनुभवी माणूस असतो. पहिल्या सीझनला बॅटरीचा व्होल्टेज दर पाच मिनिटांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी मागच्या वर्षीच्या त्याच रात्रीच्या लॉगशी ताडून बघा.